मदत हवी आहे : कॉलेजची हॉरर शॉर्टफिल्म, कोकणातलं जुनं घर, रात्रीचं शूट

नमस्कार मंडळी,

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एक हॉरर शॉर्टफिल्म करतोय, दहा-बारा मिनिटांची, आणि दिग्दर्शन मी करतेय. आम्ही सगळे कोल्हापूरचे पण लोकेशन कुडाळच्या बाजूला, एका मैत्रिणीच्या आजोळी. चिऱ्याचं जुनं कौलारू घर, ओटी, पडवी, माजघर, मागच्या परसात विहीर आणि तिच्यावर अजून लाकडी रहाट आहे. तो रहाट बघूनच गोष्ट सुचली खरं तर. नात घर विकायला येते, रात्री मागून पाणी शेंदल्याचा आवाज येतो, आणि विहिरीचा दोर तर कधीच काढून ठेवलेला असतो. बस्स, एवढंच. हडळ, पांढरी साडी, मोकळे केस असलं काही नको होतं मला, पण ग्रुपमध्ये मतदान झालं आणि शेवटी एका शॉटला पांढरी साडी आलीच. असो.

शूट डिसेंबरात धरलंय. मे महिन्यात घर भरलेलं असतं, सगळे मुंबईकर आंबे खायला येतात, आणि डिसेंबरात अंधार लवकर पडतो, रात्र चांगली तेरा तासांची मिळते असा हिशोब. तीन रात्री, माणसं नऊ, बजेट वर्गणी काढून पंचवीस हजार. कॅमेरा मित्राचा कॅनन २०० डी, ५० एमएम १.८ ची लेन्स आहे, आणि कॉलेजकडून एक साउंड रेकॉर्डर मिळेल.

आता अडचणी. सगळ्यात मोठी म्हणजे लाइट. आम्ही घरी टेस्ट म्हणून खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर शूट करून बघितलं तर सगळं चिखल, नुसते रंगीत ठिपके ठिपके, आणि आमचा डीओपी (कॅमेरा आणि लाइट बघणारा) म्हणतो की हॉरर आहे तर अंधारच पाहिजे ना. मग हॅलोजन भाड्याने आणावेत का? घराचं वायरिंग जुनं आहे, अजून किटकॅट फ्यूज आहेत, आणि आजोबांनी आधीच बजावलंय की "पोरांनो माझं घर जाळू नका." दुसरं म्हणजे धूर, फॉग मशीन घ्यावं का. तिसरं, रक्त. टोमॅटो सॉस वापरणार नाही, एवढं कळतं आम्हाला. मग काय वापरायचं? आणि विहिरीत वाकून बघायचा एक शॉट आहे तो कसा काढायचा, कारण हिरोइन वाकायला तयार आहे पण मला भीती वाटते.

परवानगी कुठून कुठून लागते? घर खाजगी आहे, पण एक सीन गावच्या रस्त्यावरचा आहे, रात्रीचा.

आणि एक नाजूक गोष्ट. नऊ जणांत चार मुली, त्यातल्या दोघींच्या घरून रात्रीच्या शूटला अजून हो आलेलं नाही. कोणी असं मॅनेज केलं असेल तर प्लीज सांगा.

फार लांबलं, सॉरी. आगाऊ धन्यवाद!

————

प्रतिसाद : लाइटवाला

पोरी, पहिली गोष्ट, रात्रीचे सगळे सीन रात्रीच काढायचे हे तुला कोणी सांगितलं? तुझ्याकडे माजघर आहे! कोकणातलं माजघर भर दुपारीही काळोखंच असतं, त्याला बाहेरची खिडकी नसते बहुतेक. ओटीकडचं आणि परसाकडचं दार लावा, दारावर गोधडी नाहीतर काळी ताडपत्री टाका, झाली रात्र. वर कौलांत एखादं काचेचं कौल बसवलेलं असेल तर ते विसरू नका, त्यातून उन्हाची तिरीप बरोब्बर कलाकाराच्या डोक्यावर पडते, वरून पोतं टाकून झाका. स्क्रिप्टमधले आतले सीन मोजून बघ, निम्म्याहून जास्त काम दुपारी उरकेल. मुलींच्या घरचा प्रश्न पण तिथेच अर्धा सुटला. बाहेरचे शॉट तेवढे रात्री, आणि त्यातले पण लांबचे शॉट सूर्य बुडाल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत काढा, आकाश निळं असतं तेव्हा घराची कड दिसते, माड दिसतात. एकदा पूर्ण काळं झालं की मागे काहीच दिसत नाही, मग कोकणात काढलं काय आणि कोल्हापुरात बाथरूममध्ये काढलं काय.

अंधाराबद्दल तुमच्या डीओपीला सांग, अंधार दिसायला पण उजेड लागतो. फ्रेममध्ये एक तरी जागा नीट एक्सपोज झाली पाहिजे, गालाची एक बाजू, दाराची चौकट, काहीही, मग बाकीचं काळं गेलं तरी डोळ्याला ते काळं वाटतं, चिखल वाटत नाही. थोडं उजळच शूट करा आणि एडिटला खाली आणा. उलटं केलं, म्हणजे काळं शूट करून नंतर वर ओढलं, की ते तुझे रंगीत ठिपके येतात. आणि एक्सपोजर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर डोळ्यांनी ठरवू नका, रात्री स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, लावा.

हॅलोजन नको. एक हजार वॉटचा हॅलोजन साधारण सव्वाचार अँपिअर खेचतो, जुन्या पाच अँपिअरच्या बोर्डवर दोन लावलेत की फ्यूज तरी उडेल नाहीतर सॉकेट वितळेल, आजोबांचं बरोबर आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पन्नास किंवा शंभर वॉटचा एलईडी फ्लड आणा, पांढरा. तो तुमचा चंद्र. शिडी लावून उंच, लांब आणि कलाकाराच्या मागच्या बाजूला बांधा, समोरून मारलात की पोलिसांनी बॅटरी मारल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला मानायचा ती सेटिंग) चार हजार केल्व्हिनच्या आसपास ठेवा, उजेड आपोआप निळसर येईल, निळे जिलेटीन पेपर वगैरे शोधत बसू नका. पुढची सावली भरायला, उजेड परतवून टाकणारी थर्माकोलची शीट पुरते.

आता हे वहीत लिहून ठेव. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टीम पाल वर ठेवायची, तरच सेकंदाला २५ फ्रेम मिळतात, आणि शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिला न जुळणारा शटर धरलात तर स्वस्त एलईडी फडफडतात आणि ते एडिटला बसल्यावर कळतं. घेतलेला प्रत्येक दिवा आणायच्या आधी कॅमेऱ्यावर बघून घ्या. १.८ वर (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं) फोकस बोटभर असतो, चालत येणारं माणूस अंधारात फोकसमध्ये ठेवणं तुमच्या बापाच्याने होणार नाही, तिथे २.८ करा आणि जमिनीवर खुणेच्या टेप मारा.

————

प्रतिसाद : परसदार

मी त्याच भागातली. फॉग मशीनचे पैसे वाचवा. आत ठीक आहे, पण परसात वारा असला की धूर दोन सेकंदात शेजारच्या वाडीत. सुकी सोडणं पेटवून विझवा (नारळाची सोडणं हो, गावात फुकट मिळतील), वर थोडा धूप, मस्त जाड धूर निघतो. फक्त पेंढ्याची उडवी जवळ असेल तर तिकडे नको, आणि पाण्याची बादली भरलेली पाहिजे. एका शॉटला धूर घेतलात की त्या सीनच्या प्रत्येक शॉटला घ्यावा लागतो हे लक्षात ठेवा.

परवानगीचं. घरमालकाचं लेखी घ्या, आजोबा असले तरी. ग्रामपंचायतीला एक पत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर, तारखा आणि वेळेसकट. पोलीस ठाण्याला त्याचीच प्रत. आणि पोलीस पाटलांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, चहा घ्या, बसा. ही फॉर्मॅलिटी समजू नका. तुमची पांढरी साडीवाली बाई रात्री दीडला रस्त्यावर उभी आणि आजूबाजूला अनोळखी पोरं, एखाद्यानं लांबून मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकलं की काय होईल विचार करा. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना मारलं होतं, निव्वळ अफवेवर. म्हणून वाडीतल्या प्रत्येक घराला माहीत पाहिजे की हे शूटिंग आहे. रस्त्याचा सीन शक्यतो घराच्या पाणंदीत घ्या, डांबरी रस्त्यावर नकोच, गाडीवाला दचकून स्टिअरिंग वळवेल. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जण बॅटरी घेऊन उभा करा.

तारखा ठरवायच्या आधी गावच्या जत्रेची तारीख विचारा. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार, लाउडस्पीकर, त्या रात्री तुमचा रहाट कोणालाही ऐकू येणार नाही! पण एक फायदा सांगते, दशावतारी मंडळी मेकअप स्वतःचा स्वतः करतात, समोर बसून बघायला मिळालं तर तुमच्या मेकअपवालीला यूट्यूबपेक्षा जास्त शिकायला मिळेल. नीट विचारलंत तर दाखवतील.

आणि आजी म्हणते ते जसंच्या तसं लिहिते, "आधी राखणदाराक नारळ ठेवा, गाऱ्हाणा घाला, मगे काय ता करा." (राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारा देव.) तुमचा विश्वास असो नसो, गावाला बरं वाटतं आणि मग शिडीपासून जेवणापर्यंत सगळं मिळतं.

————

प्रतिसाद : बूमवाला

साउंडबद्दल रेकॉर्डर सोडून एक अक्षर नाही लिहिलंस आणि सगळी गोष्ट रहाटाच्या आवाजावर! रात्री रातकिडे असणारच, ते बंद होत नाहीत, पण प्रत्येक शॉटमध्ये त्यांचा सूर वेगळा असतो आणि कट मारला की तो उडी मारतो. उपाय एकच, प्रत्येक जागेवर, प्रत्येक वेळेला, सगळ्यांनी हलायचं बंद करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. पोरं हसतात त्या मिनिटाला, हसू द्या आणि पुन्हा घ्या. रहाट वेगळा रेकॉर्ड करा, भर दुपारी, माइक अगदी जवळ, रिकामा फिरवून, भरलेली कळशी लावून, हळू, जोरात, मध्येच थांबवून. खरं सांगू, थांबलेला रहाट जास्त घाबरवेल. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना परत चालू करायला विसरणार नाही, नाहीतर आजीचे मासे गेले. किंकाळी रात्री गावात मारू नका, कॉलेजात डब करा. आणि नेटवरून उचललेलं भुताचं म्युझिक लावाल तर फेस्टिव्हलला पाठवताना अडकेल, लायसन्स बघून घ्या.

————

प्रतिसाद : परसदार

रक्ताचं राहिलंच. केकचं सामान मिळतं त्या दुकानात लिक्विड ग्लुकोज असतं, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर आणि टोकावर येईल एवढाच निळा. नुसता लाल घेतला तर कॅमेऱ्यात सरबत दिसतं. पण ते गोड आहे हे विसरू नका. कोकणातल्या घरात गोड काही मानेला लावून कलाकार जमिनीवर पाच मिनिटं पडली की मुंग्यांची रांग लागते, आणि मेलेल्या माणसाला खाजवता येत नाही :) तर रक्ताचा शॉट अगदी शेवटी, सगळं लावून झाल्यावर दोन मिनिटं आधी लावा. सारवलेल्या जमिनीवर पडलं तर निघत नाही, खाली प्लास्टिक. साडी एकच असेल तर रक्ताच्या आधीचे सगळे शॉट संपवून मगच.

विहिरीचा शॉट: वाकू नका. परसात चिऱ्यांचं किंवा दगडांचं गोल रिंगण करा, कमरेएवढं उंच असलं तरी बास, कॅमेरा तळाशी आडवा ठेवून वर बघायला लावा आणि हिरोइन कडेवरून डोकावेल. आतून बघितल्यासारखंच दिसतं. खऱ्या विहिरीचा एक शॉट दिवसा लांबून घ्या, कोणी कठड्यावर हात टेकलेला.

आणि बूट! आमच्याकडे फुरसं (छोटा विषारी साप) असतं, चिऱ्यांच्या फटीत, पाचोळ्यात, दिसत पण नाही. ते दगड उचलताना हात आधी घालायचा नाही, काठीने हलवायचा. भुताला अनवाणी चालवू नका, पाय फ्रेममध्ये नसतील तर बूट घालूनच चालू दे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजे आणि वाडीत रेंज कुठे येते ते पण बघून ठेवा.

————

धागाकर्ती

बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार. शॉट डिव्हिजन परत करायला बसलो, माजघराचे सगळे सीन दुपारी टाकले तर रात्रीचं काम तीनवरून दीड रात्रीवर आलं. दोघींच्या आयांना हे दाखवलं, शिवाय आमच्या एक मॅडम सोबत यायला तयार झाल्यात आणि मुली आजीबरोबर माडीवर झोपणार, तर एकीचं हो आलं. दुसरीच्या बाबांना स्वतःलाच यायचंय :( येऊ देत, स्वयंपाक छान करतात म्हणे. पांढऱ्या साडीवर परत मतदान घेतलं, साडी हरली. आता फक्त ओला पदर दिसणार, रहाटाच्या खांबावर टाकलेला.

डीओपी अजून हॅलोजनवर अडून आहे. त्याला हा धागा पाठवलाय.

एक राहिलं, लाइट गेली तर? इन्व्हर्टर आहे पण तो दोन पंखे आणि चार बल्बचा. जनरेटर भाड्याने घेतला तर आवाजाचं काय करायचं?

————

प्रतिसाद : बूमवाला

पन्नास वॉटचा एलईडी इन्व्हर्टरवर आरामात चालेल, पंखे बंद करा. जनरेटर घेतलाच तर घराच्या पलीकडे, मध्ये भिंत येईल असा, लांब जाड वायर टाकून, आणि संवादाच्या शॉटला बंदच.

————

प्रतिसाद : परसदार

वाडी कुठली ते मेसेज करा. डिसेंबरात मी गावीच आहे, आमच्याकडे छोटा जनरेटर आहे, आवाज करतो पण फुकट आहे. पेट्रोल तुमचं.