पीपीडी आणि पीडीडी (अमेरिकेतल्या आर्किटेक्ट लायसन्स परीक्षेचे पेपर) लागोपाठ द्यावी का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत जॉब करते, एआरई ५.० (आर्किटेक्ट लायसन्सची परीक्षा) चे पीसीएम (प्रॅक्टिस मॅनेजमेंट), पीजेएम (प्रोजेक्ट मॅनेजमेंट) आणि सीई (कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन) झालेत, आता हे दोन मोठे, पीपीडी (प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन) आणि पीडीडी (प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन), राहिलेत आणि पीए (प्रोग्रॅमिंग अँड अ‍ॅनालिसिस). ऑफिस सांभाळून दोन्हींचा अभ्यास एकत्र करून आठवड्याच्या फरकाने द्यायचा विचार आहे, कुणी केलंय का असं?

उत्तर १: मी केलं, १० दिवसांच्या अंतराने. स्ट्रक्चर, एचव्हीएसी (हीटिंग-व्हेंटिलेशन-एसी), बिल्डिंग कोड सगळं कॉमनच आहे गं, पीपीडीत सिस्टीम निवडायची, पीडीडीत तेच डिटेलिंग, स्पेसिफिकेशनपर्यंत न्यायचं. मध्ये महिना गेला की डोकं कोरं होतं (माझं तरी).

उत्तर २: पण ताई, दोन्ही १००-१०० प्रश्नांचे, चार तासांच्या वर बसायचं. नापास झालात तर तोच पेपर ६० दिवस देता येत नाही, म्हणून पीडीडीची तारीख आधीच घेऊन ठेवा, नाहीतर पीपीडीचा निकाल बघून हातपाय गळतात आणि ते पुढे पुढेच जातं. केस स्टडी शेवटी येतात, वेळ राखून ठेवा.

प्रश्नकर्ती: थँक्यू! पीए मग सगळ्यात शेवटी टाकते.

उत्तर १: चालेल की. कोड ताजा असतो तेव्हाच उरकून टाक मात्र.