ऑलिव्ह नसेल, शेंगदाणा तर आहे
फायरमनच्या हृदयासाठी भूमध्य सागराकाठची जेवण्या-जगण्याची पद्धत चांगली, असं म्हटलं की ऑलिव्ह तेल जळगाव-धुळ्याच्या फायरमनला कुठून परवडणार, असं तुम्ही विचारता. प्रश्न रास्त आहे. पण भूमध्य सागराकाठची पद्धत म्हणजे नुसतं तेल नव्हे. कडधान्यं, भाज्या, दाणे, चारचौघांत बसून जेवणं, चालणं, पुरती झोप हे सगळं त्यात आलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, मूठभर शेंगदाणे... आपल्या ताटात यातलं बरंच आहेच. शेवभाजीची तर्री तेवढी आवरायला हवी.

मला हा विषय फार तातडीचा वाटतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या फायरमनच्या ड्युटीवरील मृत्यूंपैकी ४५ टक्के हृदयविकाराने होतात. झोपेतून उठून लगेच धावायचं, अंगावर जड पोशाख, घामाने पाणी जाऊन रक्त दाट होतं, ठोके टिपेला पोचतात. त्यात भुसावळचा मे महिना! जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी तर तासन्‌तास आतून धुमसतात.

पोरं विशी-पंचविशीतली आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, रक्तवाहिन्यांत चरबी त्या वयातही साचत असते. भरतीला उंची-छाती मोजता, तसं दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉलही तपासा. आणि रात्रपाळीला वडापावऐवजी फायर स्टेशनवरच वरण-भाजी शिजेल, एवढी सोय नगरपालिका-महापालिकांनी करावी.