विनोदी सिनेमा दाखवून इतिहास नि तर्क शिकवावा का?

चाफा: काल नववीला १९७५ च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या विनोदी इंग्रजी सिनेमातला चेटकिणीचा सीन दाखवला. गावकरी एका बाईला जाळायला घेऊन येतात, तिच्या नाकावर गाजर बांधलंय आणि ते आम्हीच बांधलं हेही कबूल करतात! मग सरदार समजावतो, चेटकीण जळते, लाकूडही जळतं, म्हणजे चेटकीण लाकडाची, आता लाकूड तरंगतं, बदकही तरंगतं, मग बाई बदकाएवढी भरली की ती चेटकीणच. पोरं खो खो हसली. चूक कुठेय विचारलं तर शेवटच्या बाकावरचा एकजण, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला "मॅडम, कागदपण जळतो, मग कागदाची का नाही?" तासभर फळ्यावर लिहून हे आलं नसतं. असे सीन वर्गात हवेतच.

मोडीवाला: तर्काला ठीक, इतिहासाला नको. सिनेमात साल ९३२, आणि चेटकिणींच्या खटल्यांचा जोर साधारण १५६० ते १६५०, म्हणजे सहाशे वर्षांनी. इंग्लंडात तर बहुतेक फाशीच द्यायचे, जाळणं स्कॉटलंड-जर्मनीकडे. शिवाय खटले चालवणाऱ्यांत चांगले शिकलेले न्यायाधीशही असायचे, पण पोरांच्या डोक्यात बसणार अडाणी गावकरीच. चित्र राहतं हो, तुमची दुरुस्ती नाही राहत.

चाफा: मग सिनेमातल्या चुका शोधा हाच गृहपाठ देते ना! आणि वजनाचं सगळंच काल्पनिक नाही, हॉलंडमध्ये औडेवॉटरला तराजूवर तोलून ही चेटकीण नाही असा दाखला खरंच द्यायचे.

सातपुडा: सीनचा शेवट विसरताय तुम्ही. तराजू समतोल होतो आणि बाई स्वतःच मान्य करते. म्हणजे चुकीचा तर्क जिंकतो. मी नंदुरबारकडे शिकवायचो, तिथे आजही डाकीण ठरवून बायकांना मारतात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असूनसुद्धा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या आजीवर हा आळ आलेला. तिच्यासमोर सगळा वर्ग हसला असता तर तिने कुठे बघायचं?

चाफा: हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तराजूच्या आधी सीन थांबवून आता काय होईल असं विचारेन.

मोडीवाला: थांबवू नका, पूर्ण दाखवा. निर्दोष बायका कबुली का द्यायच्या, छळ करून ती कशी काढायचे, खरा इतिहास तिथूनच सुरू होतो. फक्त तेव्हा हसू येणार नाही कुणाला.

सातपुडा: चालेल. पण आधी वर्गात कोण कोण बसलंय ते बघा.