गाडीतली रिचार्जेबल बॅटरी (टॉर्च हो!): तुमचे अनुभव

घाटवाट
परवा आईकडे माळा आवरला. पितळी डब्यांच्या मागे बाबांची तीन सेलची स्टीलची बॅटरी निघाली. मागचं झाकण फिरवलं तर सेल नव्हते, गंजलेली स्प्रिंग होती आणि १९९४ च्या कॅलेंडरच्या कागदाची घडी. सेल खुळखुळू नयेत म्हणून कोंबलेली. बाबा प्रवासाला निघताना मधला सेल उलटा घालायचे, पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं तरी लागू नये म्हणून. आम्ही हसायचो, कारण गरज पडली की तो सेल सुलटा करायला अंधारात आधी काडेपेटी शोधावी लागायची.

तर ती हातात घेतली आणि २०१६ चा आंबा घाट आठवला. रत्नागिरीहून कोल्हापूर, जुलै, रात्रीचे पावणेबारा. साखरपा सोडून चढ लागला आणि मागचं डावं चाक बसलं. डिकीत साडेआठशेची रिचार्जेबल टॉर्च होती. म्हणजे दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा एकदा चार्ज केलेली. बटण दाबल्यावर उदबत्तीच्या टोकाएवढा ठिपका आला आणि विझला. नवऱ्याचा मोबाईल ९ टक्के. आमच्या गाडीची स्टेपनी पोटाखाली टांगलेली, ती खाली सोडायला दांडी ज्या भोकात घालायची ते भोक भर दुपारीही सापडत नाही. मी एका हातात छत्री, एका हातात मोबाईल धरून उभी, लेक आत रडतेय. शेवटी एक दुधाचा टेम्पो थांबला. काकांनी गाडी तिरकी लावून हेडलाइट आमच्या चाकावर सोडला, चाक बदलून होईपर्यंत हलले नाहीत. पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, "ताई, एक बॅटरी ठेवत चला गाडीत."

होती हो काका. हे त्यांना सांगायची लाज वाटली.

त्यानंतर तीन टॉर्च झाल्या, एक धड नाही. तुमच्या गाडीत काय आहे, किती टिकलं, कधी दगा दिला ते लिहा. खोक्यावरचं नको, वापरलेलं सांगा.

कोरा_चहा
पहिला मी! अनुभव नंतर लिहितो, कुकर लावलाय.

वैदर्भी_मिरची
नागपूरकरांनी काय लिहावं बाप्पा. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी. दार उघडलं की भट्टी. टॉर्च डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, आतच बसवलेली बॅटरी असलेली. जूनमध्ये काढायला गेली तर प्लॅस्टिकची शिवण उकललेली, पोट फुगलं होतं. नवरा म्हणे चार्जिंगला लावून पाहू. मी म्हटलं काहून, घर जाळायचं आहे का? बाल्कनीत ठेवली अन् दुसऱ्या दिवशी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे देऊन आली, त्याच्याकडे जुन्या बॅटऱ्या घेतात. कचऱ्यात नका टाकू.

बांधावरचा
आम्ही जुन्नरकडचे. गाडीपेक्षा शिवारात जास्त लागते. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अकराला उसात दारं धरायला, म्हंजे पाणी द्यायला जायचं. हातात खोरं, मग बॅटरी कुठं धरणार? म्हणून डोक्याला बांधायची. पण डोक्यावरचीचा उजेड लांब जात नाही, अन् आमच्याकडं लांबचं आधी दिसायला पाहिजे. तवा कमरेला दुसरी, लांब फेकणारी. बांधावरनं एक चक्कर मारायची, दोन हिरवट टिकल्या चमकल्या की जागीच थांबायचं.

गाडीत पण तीच डोक्याची ठेवतो. चाक बदलायला दोन्ही हात मोकळे. एवढं एक ऐका.

घाटवाट
@बांधावरचा, हिरवट टिकल्या म्हणजे... बिबट्या??

बांधावरचा
मांजर पण असतं. पण थांबायचं.

शब्दखोड
'विजेरी' हा सुंदर शब्द असताना सगळे बॅटरी बॅटरी काय करताय? बॅटरी म्हणजे आतली.

रात्रपाळी
आमच्या गावात विजेरी म्हटलं तर लोक आभाळाकडे बघतील.

शब्दखोड
बघू देत. किमान वर बघतील.

ल्युमेनबुवा
धागा आवडता विषय. लांबण लागणार, आधीच माफी.

१) सेल बाहेर काढता येतो तीच टॉर्च घ्या. आतमध्ये बहुधा १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, म्हणून ते नाव. मेला की सेल बदलायचा, टॉर्च नाही.

२) सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलं असेल तर परत ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० पर्यंतच मावतं. बाकीचं स्टिकरमध्ये मावलेलं असतं.

३) खोक्यावर '८ तास' लिहिलेलं असतं ते पूर्ण उजेडाचं नव्हे. मोजायची प्रमाणित पद्धत अशी आहे की उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत घड्याळ चालू. त्यात बहुतेक टॉर्च पहिल्या काही मिनिटांतच गरम होऊन स्वतःच उजेड उतरवतात. आठ तासांतले सात तास तुम्ही देवघरातल्या समईच्या उजेडात असता.

४) चाक बदलायला २००-३०० ल्युमेन (उजेडाचं माप) पोटभर. हजार ल्युमेन हातभरावरच्या पांढऱ्या गाडीवर मारलात तर डोळे दिपतात आणि नट दिसत नाही.

५) लिथियमला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, पूर्ण चार्ज आणि ऊन. नुसती पडून राहणार असेल तर अर्ध्याच्या थोडी वर भरून ठेवावी, आणि डॅशबोर्डवर नको. सीटखाली किंवा डिकीत तळाशी, स्टेपनीच्या खळग्यात.

६) मागचं झाकण अर्धा फेरा सैल करा. बऱ्याच धातूच्या टॉर्चमध्ये त्यानं सर्किट तुटतं. बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर टॉर्च बंद असतानाही थेंब थेंब करंट पीत असते, काहींत वर्षभरात सेल तळाला जातो. घाटवाट, तुमच्या बाबांचा उलटा सेल म्हणजे हेच. फक्त लिथियमचा सेल उलटा घालू नका, काही टॉर्च त्यानं कायमच्या जातात.

कोरा_चहा
बुवा, दिवसाला किती टॉर्च विकत घेता?

ल्युमेनबुवा
बायको हा धागा वाचते. दोनच आहेत.

बुवांची_बायको
सतरा.

रात्रपाळी
😂😂 धागा वसूल

टोलनाका
टाइप सीवाल्या स्वस्त टॉर्चचा एक अनुभव. चार्जिंग पोर्ट टाइप सी, म्हणून खुशीत लॅपटॉपच्या सी टू सी (दोन्ही टोकांना टाइप सी) वायरला लावली. रात्रभर. सकाळी शून्य. वाटलं बिघडली, परत केली. बदलून आली तीही तशीच. मग भाचा म्हणाला, मामा, जुन्या चपट्या यूएसबीची वायर लावून बघ. लगेच चालू! स्वस्तात बनवताना आत दोन चिल्लर रेझिस्टर घालत नाहीत, त्यामुळे सी टू सी चार्जरला कळतच नाही की पलीकडे काही जोडलंय. आता ती वायर रबर लावून टॉर्चलाच गुंडाळून ठेवलीय. बऱ्याच नवीन गाड्यांत पोर्ट सीच येतात, तेव्हा घेतानाच तपासा.

दिवेलागण
मॅग्नेटवाली घेऊ नका असं नाही, पण माझी कथा ऐका. बॉनेट उघडून कूलंट घातलं, टॉर्च आत चिकटवली, दोन्ही हात मोकळे, वा वा. बॉनेट बंद. साताऱ्याहून पुण्याला पोचल्यावर आठवलं. चिकटलेली होती अजून! आणि चालू! पट्ट्यात अडकली असती तर काय झालं असतं याचा विचार करत नाही मी. आता तिला लाल रिबन बांधलीय, लग्नातल्या गाडीसारखी लोंबते.

वैदर्भी_मिरची
@दिवेलागण, कंपनीनं सत्कार करायला हवा.

सोनचाफा७
आंबा घाटाचा रस्ता सध्या कसा आहे कुणी सांगेल का? पुढच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला जायचंय, की गगनबावड्यावरून बरं?

रात्रपाळी
पुळ्याला गगनबावडा कशाला, दक्षिणेकडून वळसा पडेल. आंब्यानेच जा, पण उजेडी उतरा. धुकं असतं.

सोनचाफा७
धन्यवाद. टॉर्चचं काही नाही माझ्याकडे. मोबाईल आहे.

घाटवाट
सोनचाफा, वरचं पुन्हा वाच बाई. ९ टक्के.

आंबोलीचा_पाऊस
धुक्याचा विषय निघाला म्हणून. धुक्यात टॉर्च डोळ्याच्या उंचीला धरली की समोर पांढरी भिंत उभी राहते, आपलाच उजेड आपल्याकडे परत येतो. कमरेच्या खाली धरा, जमिनीवर मारा. कपाळावरची अशा वेळी काढून हातात घ्यायची. पंक्चर झालं की टॉर्च स्वतःला दिसायला जेवढी लागते तेवढीच दुसऱ्याला आपण दिसायलाही लागते. लाल लुकलुकणारा मोड असेल तर मागच्या काचेत ठेवतो. तरी गाडीबरोबरचा धोक्याचा लाल त्रिकोण काढून मागे लांब लावायचाच. माझा त्रिकोण चार वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता, उघडायचा कसा तेच माहीत नव्हतं. घरी एकदा उघडून बघा. खरंच.

बर्फाळ
मिनेसोटाहून. आमची अडचण उलटी. जानेवारीत रात्रभर बाहेर उभ्या गाडीत उणे २५. रिचार्जेबल लिथियम सेल शून्याच्या खाली चार्ज करू नये, खराब होतो, आणि गारठलेला असताना उजेडही मरतुकडा देतो. म्हणून माझ्या गाडीत साधी दोन एए सेलची टॉर्च, आणि त्यात एकदाच वापरायचे लिथियमचे सेल, जे उणे ४० लाही चालतात. म्हणजे धाग्याच्या विषयाला बगल. पण नागपूरच्या ताईंचं वाचून वाटलं, त्यांच्या आणि माझ्या गाडीत शंभर अंशांचा फरक असेल, आणि दोघींचीही टॉर्च बंद 🙂

वैदर्भी_मिरची
थोडी थंडी पाठवता का कुरियरने?

रात्रपाळी
मी रात्रीची कॅब चालवायचो, आता नाही. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये कायम खोचलेली छोटी टॉर्च होती. गाडी चालू असली की आपोआप भरते. अडीच वर्षं एकदाही दगा नाही. उजेड फार नाही, पण हमखास. ग्राहकाची अंगठी, कानातलं, एकदा एका आजोबांची कवळी सीटच्या फटीत गेलेली, सगळं तिनं शोधून दिलं. आजोबांनी खाली उतरायच्या आधीच बसवली, पुसली पण नाही.

घाटवाट
ई!! पण ही कल्पना मस्त. बुवा, यात काही खोट?

ल्युमेनबुवा
सॉकेट सहसा पुढच्या बाजूला, म्हणजे उन्हात. पण रोज चालणाऱ्या गाडीला उत्तम. आमच्यासारखी आठवड्यात एकदा निघणारी असेल तर वर्षातले दिवस ठरवून चार्ज करा. मी पीयूसीच्या तारखेला करतो.

बांधावरचा
आमच्यात दसऱ्याला. गाडीला हार घालताना बॅटरी पण काढायची, पुसायची, लावून बघायची.

घाटवाट
दसरा आणि पाडवा, ठरलं. सगळ्यांचं वाचून काल घेतली: कपाळाला बांधायची, सेल निघणारी, टाइप सी, बाराशेला. दुकानातच सी टू सी लावून बघितली, दुकानदार वैतागला. आईला दाखवली तर तिनं बाबांच्या बॅटरीशेजारी ठेवली, बराच वेळ दोन्हींकडे बघत बसली आणि म्हणाली, "ह्याला कागद कुठे कोंबायचा?"

आंबोलीचा_पाऊस
❤️

कोरा_चहा
सॉरी उशीर झाला. अनुभव लिहिण्याआधी म्हटलं एकदा खाली जाऊन आपली बघून येऊ. डिकीत नाही. सीटखाली नाही. बायको म्हणते गेल्या गणपतीत मखराच्या मागून लावली होती, तेव्हापासून थर्माकोलच्या खोक्यात असेल. खोकं माळ्यावर. माळ्यावरचा दिवा गेलाय.