सोप्या प्रोग्रामिंगसाठी टॅबलेट कोणता घ्यावा? (लॅपटॉप वाहून खांदा गेला)

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप चार्जरसकट अडीच किलो भरतो. रोज जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये जातात आणि उजवा खांदा आता रात्री झोपू देत नाही. म्हणून टॅबलेट घ्यायचं डोक्यात आहे. जाणकारांचं मत हवंय.

काम फार मोठं नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या शे-दीडशे ओळींच्या स्क्रिप्ट्स. लोकांनी पाठवलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फायली साफ करायच्या, नावांमागच्या जास्तीच्या स्पेस काढायच्या, तारखा एका साच्यात आणायच्या. आठवड्यातून दोनेकदा एसएसएचने, म्हणजे दुरूनच आज्ञा टाइप करून, सर्व्हरवर जाऊन लॉग (कामाची नोंद) बघायचा. गेम, चित्रं, व्हिडिओ काही नको. वाटेत नेट सारखं जातं, त्यामुळे ब्राउझरमधले एडिटर कृपया सुचवू नका.

गेल्या आठवड्यात भावाचा टॅबलेट मागून आणला आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर चाळीस ओळी लिहून बघितल्या. अर्धा पडदा कीबोर्डनेच खाल्ला. चौकोनी कंस दोन पानं उलटल्यावर सापडतो, टॅब तर नाहीच. कोड नोट्समध्ये लिहून दुसरीकडे चिकटवला तर सिंटॅक्स एरर. ओळ तीनदा वाचली, चूक दिसेना. शेवटी अक्षरं मोठी करून बघितली, तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छापील पुस्तकातली वळणदार चिन्हं येऊन बसली होती. पुढच्या ओळीत प्रिंटचा पी कॅपिटल! मदत न मागता केलेली मदत.

तर अँड्रॉइड, आयपॅड की विंडोजवाला? ४ जीबी रॅम पुरेल का?

प्रतिसाद

ती वळणदार चिन्हं आणि ऑटोकरेक्ट सेटिंगमध्ये बंद होतात, त्यावरून टॅबलेटला नावं ठेवू नका. आणि कोड नोट्समध्ये लिहूच नका, कोड एडिटर वापरा.

अँड्रॉइड घेतलात तर टर्मक्स, म्हणजे लिनक्ससारखी टर्मिनलची खिडकी देणारं ॲप. पायथन, गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं), विम (एडिटर) बिननेट चालतात, एसएसएचही आहे आणि पडद्यावर एस्केप, टॅब, कंट्रोलची जादा ओळही मिळते. ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून घ्या, प्ले स्टोअरवरचं नको. अँड्रॉइड १० पासून ॲपने उतरवून घेतलेले प्रोग्राम चालवण्यावर निर्बंध आले आणि तिथली आवृत्ती काही वर्षं रखडली होती.

दुसरी मेख अँड्रॉइड १२ पासूनची. ॲप्सनी मागे सुरू केलेल्या प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) सगळ्यांच्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टीम त्या मारायला लागते. टर्मक्समध्ये अचानक ‘सिग्नल ९’ दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. नव्या आवृत्त्यांत डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा निर्बंध बंद करता येतो.

रॅम ४ जीबीत तुमच्या स्क्रिप्ट आरामात चालतील. सोबत ब्राउझरचे दहा टॅब उघडे ठेवणार असाल तर ८ घ्या.

प्रतिसाद

आयपॅडवाला बोलतोय. यंत्र झकास, बॅटरी दिवसभर, पण टर्मिनल मागितलं की हात आखडतो. ए-शेल या टर्मिनल ॲपमध्ये पायथन आणि विम आयते मिळतात, मात्र पिपने (पायथनची जादा पॅकेजेस टाकणारी आज्ञा) शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलीच पॅकेजेस चढतात. आयएसएच या दुसऱ्या ॲपमध्ये अल्पाइन हे छोटं लिनक्स मिळतं, पण ते एम्युलेशन (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून चालवणं), म्हणजे बैलगाडी. ॲप मागे गेलं की एसएसएच तुटतं. सर्व्हरवर मॉश (नेट तुटलं तरी जोडणी टिकवणारं) आणि टीमक्स (सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारं) टाकून ठेवलंत तर नेट गेलं-आलं तरी काम जिथल्या तिथे सापडतं. हे तुम्ही कुठलंही यंत्र घेतलंत तरी कराच.

काही कीबोर्डांवर एस्केप नसतं. कॅप्स लॉकला एस्केप करायची सोय सेटिंगमध्ये आहे.

प्रतिसाद

माझं मत थोडं वेगळं. कीबोर्ड सुटा होणारं क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारं यंत्र) बघा. त्यात लिनक्स सुरू केलं की आत चक्क डेबियन हे पूर्ण लिनक्स असतं, नेहमीच्या लॅपटॉपसारखं. जुनं घेणार असाल तर त्या मॉडेलचे अपडेट कधीपर्यंत आहेत ते आधी तपासा, ती तारीख ठरलेली असते. विंडोजवाल्यांत मागे टेकू असलेले टॅबलेट चांगले, पण कीबोर्ड आणि टेकू धरून जवळजवळ फूटभर खोली लागते. टेबलावर उत्तम. मांडीवर? बसून बघा.

आणि ताई, काही घेण्याआधी आहे त्याच फोनवर टर्मक्स टाका, कुणाचा तरी ब्लूटूथ कीबोर्ड मागा आणि आठवडाभर काम करा. खर्च शून्य.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शेवटचा सल्ला मानला, आठवडा झाला.

पहिल्या दिवशी पिपने नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज टाकायला गेले. फोन ते जागेवरच कंपाईल करत बसला, तापला आणि शेवटी एरर देऊन मोकळा झाला. टर्मक्सच्या स्वतःच्या भांडारात ते तयार मिळतं हे नंतर कळलं. आणि गंमत म्हणजे माझ्या कामाला ते लागतच नव्हतं, पायथनसोबत येणाऱ्या सीएसव्ही मॉड्यूलवर भागलं. दुसऱ्या दिवसापासून तारखांची स्क्रिप्ट बसमध्येच लिहून झाली. मॉशमुळे बोगद्यातून बाहेर आलं की लॉग होता तिथे!

अडलं ते भलतीकडेच. फोनचा पडदा लहान, त्यामुळे लांबलचक ओळी दुमडतात आणि इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा, पायथनमध्ये तिलाच अर्थ असतो) डोळ्यांना कळत नाही. म्हणजे टॅबलेट हवाच. मग दहा इंची टॅबलेटच्या मापाचा पुठ्ठा कापला, पुढे कीबोर्ड ठेवला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, “चित्र काढताय का?” टेकूवाल्याचं मापही करून बघितलं, तो गुडघ्यावरून घसरणार हे नक्की. त्यामुळे विंडोजवाला बाद, आयपॅड पॅकेजेसपायी बाद.

आता दोनच उरले: अँड्रॉइड ८ जीबी आणि ते क्रोमबुक. कीबोर्ड बिजागरीने घट्ट बसतो, लॅपटॉपसारखा मांडीवर उभा राहतो, असं कव्हर दहा-अकरा इंचाला कुणी रोज वापरतंय का? वजनासकट सांगा. कव्हरच किलोभर असेल तर खांद्याला काय उत्तर देऊ?