मरियामातेला प्रार्थना करणं म्हणजे पूजा का?

प्रश्न: माहेर नगरचं, प्रोटेस्टंट, लग्न होऊन वसईत कॅथलिक घरात आलेय. सासूबाई रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन बसतात, मणी झिजून अगदी गुळगुळीत झालेत, मीही बसते पण 'नमो मारिया' ही मरियेची प्रार्थना म्हणताना जीभ अडखळते कारण लहानपणापासून शिकलेय की देव आणि माणसात मध्यस्थ एकच, येशू.

वांद्रेकर: ताई, त्या प्रार्थनेचा शेवट ऐका ना, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, एवढंच मागतो आपण. आराधना फक्त देवाची, मरियेला मान. सप्टेंबरात आमच्या वांद्र्याला मोत माऊलीच्या, म्हणजे मरियेच्याच, जत्रेला या, लोक मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात, हिंदू बायकापण रांगेत असतात.

पुणेकर: मान ठीक हो, पण मेणाचा पाय वाहणारा हा फरक मनात ठेवतो का? मला शंका आहे. आणि निष्कलंक गर्भधारणा, म्हणजे मरिया आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती हे, १८५४ ला, तिचं देहासह स्वर्गात घेतलं जाणं १९५० ला पोपनी सिद्धांत म्हणून जाहीर केलं, बायबलमध्ये दोन्ही थेट लिहिलेलं नाही.

उत्तनकर: जाहीर तेव्हा झालं, श्रद्धा कितीतरी जुनी. मरियेला 'देवाची आई' म्हणणं तर इफिससच्या धर्मपरिषदेनं ४३१ मध्येच मान्य केलं, आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथरही ते मानायचा. ताई, बायबलमध्ये काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरिया येशूकडे बोट दाखवून नोकरांना म्हणाली, तो सांगेल ते करा. मला तर अख्खी मरियाभक्ती त्यातच दिसते.

प्रश्नकर्ती: कानाचं पटलं. मध्यस्थीचं अजून नाही. आज सासूबाईंनाच विचारते, त्या मणी ओढताना मनात काय म्हणतात ते.