मदत हवी आहे: तिबेरियसच्या चांदीच्या नाण्यावरचा घाव कशाचा असेल?

नमस्कार. आजोबा कोइंबतूरला सूतगिरणीत नोकरीला होते. त्यांच्या पेटीत कापसात गुंडाळलेलं एक चांदीचं नाणं परवा आईला सापडलं. सोनाराच्या काट्यावर 3.6 ग्रॅम भरलं. तो उजळून देतो म्हणत होता, मी देऊ दिलं नाही.

दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेलं, उजवीकडे पाहणारं डोकं. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात लांब दंड, दुसऱ्या हातात फांदी. बाजूची लॅटिन अक्षरं ‘पाँतिफ माक्सिम’ (म्हणजे मुख्य पुरोहित, सम्राटाची एक पदवी) अशी लागतात. यावरून हा रोमन सम्राट तिबेरियसचा (इ.स. 14 ते 37) देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, वाटतो, आणि तोही लुग्दुनुमच्या, आजच्या फ्रान्समधल्या लियोंच्या, टाकसाळीतला. ती स्त्री कुणी सम्राटाची आई लिविया मानतात, कुणी शांतीची देवता पाक्स. खुर्चीचे पाय साधे नाहीत, मण्यांसारखे गोल कातलेले आहेत. त्यावरून नाणं कारकिर्दीच्या सुरुवातीचं की शेवटचं, हे सांगता येतं का?

खरा प्रश्न मात्र घावाचा आहे. सम्राटाच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, छिन्नीचा आडवा घाव आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन नाण्यांवर असे घाव आहेत, एवढं वाचलंय. आत तांबं घालून वरून चांदी चढवलेली खोटी नाणी तेव्हाही फिरत, म्हणून कस बघायला घाव घालत, असं एक मत. परक्या राजाचा चेहरा मुद्दाम बिघडवला, असं दुसरं. मला दुसरं पटत नाही, पण पहिलंही पुरतं पटत नाही: कसच बघायचा तर कडेला खाच पुरली असती, नेमका चेहराच का? आपल्याकडे नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या हजारो नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे, पण ती पुन्हा चलनात आणण्यासाठी. इथे ठसा नाही, नुसता घाव.

भिंगातून पाहिलं तर घावाच्या तळाशीही चांदीच दिसते, तांब्याची लाली कुठेच नाही. आतला काळेपणा बाहेरच्यासारखाच आहे, म्हणून घाव जुनाच असावा.

अशा नाण्यांच्या नकला त्या काळी भारतातही होत. माझं नाणं अस्सल की नक्कल, हे अक्षरांच्या वळणावरून कुणाला ओळखता येईल का? बाजूने उजेड पाडून काढलेले फोटो जोडलेत. विकायचं अजिबात नाही. आईला फक्त कळायला हवंय, तिच्या वडिलांनी इतकी वर्षं नेमकं काय जपून ठेवलं होतं.